रिकामा तळहात

तंबाखू सोडून वर्ष झालं, तरी जेवण झालं की ह्यांचा अंगठा डाव्या तळहातावर फिरायला लागतो. रिकामाच तळहात मळतात, वर दोन थापाही मारतात, आणि मग ओशाळून हात खाली घेतात.

आमचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूत वाट पडलेली असते, वहिनी. हात आधी निघतो, 'नको' मागून येतं."

मला त्या तंबाखूचा हेवा वाटला. तीस वर्षं मीही याच घरात आहे. असा न ठरवता निघालेला हात माझ्याकडे कधी आला होता, ते आठवत बसले.

गेल्या महिन्यात आठ दिवस माहेरी राहून परतले. पेपरातून मान वर न करता हे म्हणाले, "अगं, तू गेली होतीस ना?"

अंगठा तळहातावर फिरतच होता.