रेघेखालचं पाणी

वॅरलबिन गावानं लेन ट्रेवेनाला 'पायप्या' हे नाव ठेवलं ते कौतुकानं. डोंगराअलीकडं गाव सदा तहानलेलं, पलीकडं यारुम नदी. ती पाइपातून डोंगर चढवून आणायची, मधल्या दरीत तळं बांधून साठवायची, हा सगळा आराखडा नगरपालिकेच्या ह्या इंजिनिअरनं आखला. पलीकडचे लोक आडवे आले तेव्हा तोडगाही त्यानंच काढला. नदीतल्या खडकावर पांढरी रेघ मारली. पाणी रेघेच्या वर असेल तरच पंप चालायचा. पंपघराची किल्ली राहायची काठावरच्या डल्सी पास्कोकडं. डल्सी त्याच्याच शाळेतली, जिभेची तिखट.

डोंगरापलीकडं पाऊस चुकत नाही, असं गावात सगळेच म्हणायचे. लेनही म्हणायचा, आणि तेच धरून त्यानं तळ्याचं माप बेताचंच ठरवलं. दोन्ही अंगांना एकदमच दुष्काळ पडेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

आता तिसरं वर्ष कोरडं चाललं होतं. तळ्यात चिखल उरला होता. नळाला तांबडं पाणी येई, तेही सकाळी घटकाभर. डायलिसिसला पाणी पुरेना म्हणून इस्पितळानं किडनीचे पेशंट शहराला हलवायला घेतले तसा लेन उठला आणि केक घेऊन डल्सीकडं गेला.

"केक आणलायस म्हणजे काम वाईट दिसतंय," डल्सी म्हणाली.

"किल्ली दे."

"रेघ बघितलीस?"

"बघितली. पाणी हातभर खाली आहे."

"पुरुषभर म्हण. नगरपालिकेत राहून डोळेपण सरकारी झाले तुझे."

ती त्याला काठावर घेऊन गेली. नदी वाहायची थांबली होती. एकच डोह शिल्लक होता आणि त्याच्या कडेला बरगड्या निघालेल्या तिच्या गाई चिखलात उभ्या होत्या.

"एवढ्यावर जगतायत ह्या. विकायला काढल्या, पण फुकटसुद्धा कुणी नेत नाही."

"गावात माणसं आहेत, डल्सी."

"मी कधी म्हटलं दगड आहेत?" ती डोहाकडं बघत राहिली. "किती पुरेल हे गावाला?"

"आठवडाभर. ओढून ताणून."

"मग पुढं?"

लेन डोहाची लांबी-रुंदी पुन्हा नजरेनं मोजू लागला. उभी हयात त्यानं ह्या 'पुढं'चीच आखणी केली होती.

डल्सीनं खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"माणसं तहानेनं मेली तर मला झोप यायची नाही. पण पंप तू चालू करायचा, आणि गाईंना गोळ्याही तूच घालायच्या. तहानेनं तडफडू द्यायच्या नाहीत. दुसऱ्या कुणाला धाडलंस तर किल्ली परत घेईन."

"मी आयुष्यात बंदूक धरली नाही गं."

"शिकशील. रायफल दाराआड आहे."

तो गेला आणि रायफल घेऊन आला.

"आधी कुठली?"

डल्सी कुंपणाशी उभी राहिली आणि एकेकीला नावानं हाक मारू लागली. चारा मिळेल म्हणून त्या चिखलातून पाय उपटत तिच्याकडं येऊ लागल्या.