भास्करकाकांचे उलट शब्द

काकूंचा फोन आला तेव्हा मी भेस्तानच्या शाळेत वह्या तपासत होते. "तुना काका गयात वं, पोरी," एवढंच त्या बोलल्या. भास्करकाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, नवागाममधल्या आपल्या खोलीत मजुरांच्या पोरांना फुकट इंग्रजी शिकवायचे. शिकवता शिकवताच छातीत कळ आली... आणि संपलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, शोकसभेत, एक गृहस्थ न बोलावता माइकपाशी गेले. "भास्करभाई बहोत हंबल आदमी थे," म्हणाले, आणि खाली उतरून काकांच्या विद्यार्थ्यांच्या आयांना आपल्या स्पोकन इंग्लिश क्लासची पत्रकं वाटू लागले. हंबल! पत्रकावरचं नाव काकांच्या तोंडून ऐकलेलं होतं. मी त्यांना ओळखलं, म्हणून तर हे लिहायला बसले.

मी नववीत असताना काका हजिऱ्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते. दहावी नापास. पण यंत्रांवरच्या पाट्या आणि औषधांची खोकी वाचून त्यांनी इंग्रजी कमावलं होतं, खिशात कायम छोटा शब्दकोश. हे गृहस्थ तिथले सुरक्षा अधिकारी. पदवी होती, टाय होता, रुबाब होता. जे शिकवायचं ते आधी वाचून बघावं, एवढी अक्कल तेवढी नव्हती. नव्या मजुरांना त्यांनी शब्दांच्या जोड्यांचा कागद वाटला. करेक्ट–इनकरेक्ट, व्हिजिबल–इनव्हिजिबल, फ्लेमेबल–इनफ्लेमेबल. वर ठासून सांगितलं, "इन लगा तो उलटा. इनफ्लेमेबल मतलब जो नहीं जलता."

काका उभे राहिले. "साहब, दोनों का मतलब एक ही है. जलता है. उलटा चाहिए तो नॉनफ्लेमेबल बोलो." त्यांनी शब्दकोश उघडून पुढे धरला. साहेबांनी त्यावर नजरसुद्धा टाकली नाही. "दसवी फेल मुझे इंग्लिश सिखाएगा? बैठ नीचे." सगळे हसले. ज्यांच्या जिवासाठी हा माणूस उभा राहिला होता, तेही हसले.

दुपारच्या सुट्टीत काकांनी खडू घेतला आणि सॉल्व्हंटच्या एकेका पिंपावर लिहिलं, 'जळतं. जलता है. सळगे छे.' संध्याकाळी त्यांचा गेटपास काढून घेतला गेला आणि पिंपं पुसली गेली. पिंपांवर नीट लिहा, हे सांगायला काका ठेकेदाराकडे खेटे घालत राहिले. नोकरी गेली म्हणून बोंबलतोय, असंच सगळ्यांनी ठरवलं. महिनाभरात दिंडोलीचा सुनील तशाच एका पिंपाशेजारी ग्राइंडर चालवायला बसला. पिंपावरचा इनफ्लेमेबल हा शब्द त्यानं वाचला होता, शिकवलेलं नीट लक्षात ठेवलं होतं. ठिणगी उडाली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. चौकशीच्या कागदावर साहेबांनी कारण लिहिलं, मजुराचा निष्काळजीपणा. आयुष्यात या एकाच वेळी साहेबांना नेमका शब्द सापडला, कारण स्वतःची कातडी वाचवायची होती.

सुनीलला दवाखान्यात बघून परतलेले काका मला आठवतात. चपलासुद्धा न काढता दारातच बसले. "मी खडूनं का लिहिलं गं? रंगानं लिहायला पाहिजे होतं..." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी खोलीत फळा लावला.

असा माणूस हंबल? मरेपर्यंत ते कुणापुढे वाकले नाहीत. प्राउड म्हणा, हट्टी म्हणा. पण त्या साहेबांना गप्प बसवलेला आणि नम्र यांतला फरक कधी कळलाच नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांनी सुनीलच्या आखडलेल्या बोटांतही पत्रक कोंबलं. ओळखलंदेखील नाही! सुनीलनं पत्रकाची कशीबशी घडी घातली आणि ती साहेबांच्याच खिशात परत ठेवली.

गेल्या रविवारी मी क्लास बंद झाल्याचं सांगायला नवागामला गेले. तीन मुली फळ्यासमोर येऊन बसल्या होत्या. त्यांतली एक वही पुढे करून म्हणाली, "ताई, लाइटचा अपोझिट सांगा ना."

"डार्क," मी उभ्या उभ्या सांगून टाकलं.

तिनं लिहिलं नाही. "पण लाइट कशाचा? आधी वाक्य विचारा ना. दप्तर लाइट असेल तर?"

शाळेत अकरा वर्षं इंग्रजी शिकवते मी. आणि त्या साहेबांसारखंच, न विचारता, सांगून मोकळी झाले होते... मी चपला काढल्या, त्या मुलींशेजारी सतरंजीवर बसले आणि म्हटलं, "बरं, वाक्य सांग."