परत न गेलेलं पुस्तक

नाताळची झाडलोट करताना कपाटामागे आमच्या चर्चच्या पाळकबाईंकडून वाचायला आणलेलं पुस्तक सापडलं. मुखपृष्ठावर हात पसरून उभा असलेला बाप, आणि आत पानोपानी एकच सांगणं: कितीही चुकलात तरी घरी या, देवाचं दार उघडंच आहे. हे पुस्तक परत द्यायचं राहिलं, म्हणून मी तीन वर्षं चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतेय आणि आशीर्वाद संपला की सटकतेय. देवाची भीती नाही वाटत, बाईंची वाटते. देव निदान "वाचलंस का?" असं विचारत नाही.

रविवारी धीर करून पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं.

"चुकले, बाई."

बाईंनी पहिलं पान उघडलं, त्यावरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"अगं, हे माझ्या नणंदेचं, तिला द्यायचं राहिलेलं," त्या हळूच म्हणाल्या. "अजून थोडे दिवस ठेवतेस का?"