पश्चिमेच्या ओळी आणि लाल पडदा

तुम्ही कधी द्राक्षाच्या घडाला चादर पांघरलीय? नाही ना? मग थोरल्या वहिनीला हसण्याआधी जरा दम धरा.

गल्ली तिला तोंडावर वहिनी म्हणायची आणि पाठीमागे आभाळवहिनी. कारण चहा घेणार का विचारलं, तरी ती आधी वर बघायची. नवरा ट्रकवर, कायम बाहेरगावी. द्राक्षाची बाग धाकट्या दिराच्या हातात. सासूशी भांडून भांडून तिने या हंगामापुरत्या पश्चिमेच्या ओळी मागून घेतल्या होत्या. अट एकच: माल वाया गेला तर ओळी परत दिराकडे आणि वहिनी परत स्वयंपाकघरात.

आधी आभाळ भरून राहिलं. वारा नाही, पानांआड नुसता दमटपणा. अशा हवेत घडांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, चढते आणि मणी तडकतात. वहिनीने कात्री घेतली आणि वारा खेळावा म्हणून घडांभोवतीची पानं काढून टाकली. दीर बांधावर उभाच.

"वहिनी, वेलींचे केस कापायचं दुकान काढलंत काय?"

"तुम्हीपण बसा की भावजी, वाढलेत तुमचे."

भुरी आली नाही. वहिनीची मान ताठ झाली, आणि ते बहुतेक वर कोणाला तरी बघवलं नाही. ढग पांगले आणि असं ऊन पडलं की पत्र्यावर हात ठेवता येईना. पानं गेलेली, घड उघडे. कलतं ऊन थेट अंगावर. कडेचे मणी उकडल्यासारखे तपकिरी व्हायला लागले.

"पानं परत चिकटवता येतात का बघा," दीर म्हणाला. "डिंक मी आणून देतो."

वहिनी घरात शिरली ती वावटळीसारखी. पलंगांवरच्या चादरी, खिडक्यांचे पडदे, नवऱ्याचे पायजमे, जे हाती लागलं ते काखोटीला मारलं. शेजारच्या शिंपिणीने गाठोडंभर कापड दिलं, वर विचारलं, "मापं घेऊन शिवूनच देऊ का घडांना?"

"दे. बाह्या नकोत."

सगळं कापड पश्चिमेच्या बाजूने तारांना बांधलं, खालून वारा मोकळा ठेवला. घर उघडं पडलं. कोण काय जेवतं ते गल्लीला खिडकीतून दिसायला लागलं. एवढं करून शेवटची ओळ उघडीच राहिली. तेव्हा सासूने पेटीतून लालभडक पडदा काढला.

"आई, रंग नाही ना जायचा याचा?"

"इतकी वर्षं झाली. कधी गेला नाही."

सासूच्या शब्दावर संशय घ्यायला वेगळी छाती लागते. वहिनीने पडदा बांधला.

आणि भर दुपारी, ध्यानीमनी नसताना, पाऊस कोसळला. तो थांबल्यावर वहिनी बागेत धावली. बाकीच्या ओळी ठीक. शेवटच्या ओळीतले हिरवे घड मात्र गुलाबी होऊन ठिबकत होते.

"जात बदलली वाटतं," मागून दीर. "का लाजली बिचारी? आई, ये इकडे, बघ. माल वाया. ठरल्याप्रमाणे ओळी माझ्या."

सासू काठी टेकत आली. पडद्याकडे बघितलं.

"आई, तुम्हीच म्हणालात ना, कधी रंग गेला नाही?"

"मग खोटं कुठे बोलले? कधी धुतलाच नव्हता."

दीर खो खो हसला. सासू त्याच्याकडे वळली.

"पडदा माझा. आता बोल, वाया कोणी घालवला?"

दीर चपलेने माती उकरायला लागला. सासू वहिनीकडे वळली.

"सूनबाई, घड धुऊन टाक. कोणाला कळतंय?"

"खाणाऱ्याच्या पोटात जायचा तो रंग, आई."

तिने कात्री घेतली आणि रंग लागलेला एकूण एक घड उतरवून खड्ड्यात पुरला. पोरासारखे वाढवलेले घड.

मग सासूने सगळी बाग फिरून पाहिली. चादरींआडचे घड टवटवीत होते. दिराच्या ओळी वरून हिरव्यागार, पण आत दाट पानांत औषधाची फवारणी पोचलीच नव्हती. ढगाळ दिवसांतली भुरी तिथे घर करून बसलेली. सासूने काठीने एक फांदी उचलली, एक घड पाहिला, फांदी सोडली.

"पश्चिमेच्या ओळी हिच्याकडेच राहतील. आणि माझ्या पेटीला कोणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दीर कात्री घेऊन वहिनीच्या दारात. "पानं नेमकी कुठली काढायची ते दाखवा जरा. आणि वहिनी… एखादी चादर उरलीय का?"

उरलेली नाही. पुढच्या हंगामात वहिनीच्या आणि दिराच्या, दोघांच्याही ओळींना लागणार आहेत, आणि त्या घरात आता अंगावर घ्यायलाही चादर नाही. तुमच्याकडे जुनी असेल तर द्या. फक्त देण्याआधी बादलीत भिजवून बघा, आणि पाण्याचा रंग बदलला तर कृपा करून तुमच्याकडेच ठेवा.