बालाजीभाऊजींचा हौद

फोन आला तेव्हा मी वर्गात होते. नांदेडच्या ज्या क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवते तिथं सकाळच्या बॅचला दीडशे मुलं असतात, आणि शिकवताना फोन घ्यायचा नाही हा नियम मीच घातलेला आहे. टेबलावरचा फोन लागोपाठ तीनदा थरथरला तेव्हा तो उचलून दाराशी गेले. पलीकडून हे, म्हणजे माझे यजमान, म्हणाले, "बालाजी गेला. साइटवर चहा घेता घेता, बसल्या जागी..." मी बरं म्हटलं. फोन ठेवला, फळ्याशी आले आणि राहिलेली वीस मिनिटं शिकवलं. उदाहरणं घातली, उत्तरं तपासली, एका मुलीला तीच पायरी दोनदा समजावून दिली. मग पर्स उचलून घरी आले, आणि आम्ही लातूरला निघालो. या गोष्टीला आता दोन महिने झाले. तास अर्धवट का सोडला नाही, हे मला अजून सांगता येत नाही. रडूही आलेलं नाही. नातेवाईक म्हणतात, वहिनी मोठ्या खंबीर. खंबीर कसली डोंबलाची... आतून काही येतच नाही, एवढंच.

बालाजीभाऊजी माझे धाकटे दीर. मी या घरात आले ती भूकंपानंतर दोन वर्षांनी, त्यामुळं सासूबाईंना मी फक्त फोटोत पाहिलेलं. औशाच्या पुढं आमच्या सासरचं गाव. भूकंपाच्या पहाटे सासूबाई घराच्या मागच्या भिंतीखाली गेल्या. ती भिंत त्याच उन्हाळ्यात भाऊजींनी स्वतःच्या हातानं रचली होती, दगडमातीची, गावात सगळेच रचायचे तशी. वय एकोणीस, डिप्लोमाला नुकते लागलेले. गवंडी कशाला, मीच बांधतो असा हट्ट धरला होता म्हणे, आणि सासूबाई गल्लीभर पोराचं कौतुक सांगत फिरल्या होत्या. गावातल्या बहुतेक भिंती पडल्या, मुरलेल्या गवंड्यांनी बांधलेल्याही पडल्या. भाऊजींना कुणी एका शब्दानं बोललं नाही. ते स्वतःही त्यावर कधी बोलले नाहीत. मला हे ह्यांनी सांगितलं, तेही एकदाच, आणि वर बजावलं की बालाजीसमोर त्या भिंतीचा विषय काढायचा नाही. मी काढला नाही. म्हणजे, मला तसं वाटत होतं.

डिप्लोमा झाल्यावर ते पुनर्वसनाच्या घरांवर सुपरवायझर म्हणून लागले. पुढं लातुरात क्लासेसची लाट आली, गल्लोगल्ली मुलामुलींची होस्टेलं उठायला लागली, तेव्हा त्यांच्या हाताला काम कमी पडलं नाही. मालकांना मात्र ते जड जायचे. सळई एक नंबरनं बारीक आली तर ट्रक परत. एकदा आख्खा स्लॅब त्यांनी फोडून परत घालायला लावला, का तर खालून दोन ठिकाणी खडी उघडी दिसत होती. मी चिडवायचे, भाऊजी, तुम्ही कोंबड्यांचं खुराडं बांधलं तरी त्याला चारी कोपऱ्यांत सळई घालाल. ते मान खाली घालून हसायचे आणि म्हणायचे, "वर लेकरं झोपत्यात, वहिनी."

आम्ही लग्नानंतर अकरा वर्षं लातुरात भाड्यानं राहिलो, मग ह्यांच्या बँकेची बदली नांदेडला झाली आणि माझंही शिकवणं इथं सुरू झालं. क्लासच्या कमाईवर घर झालं. घराभोवती जागा उरली, आणि मला कमळाचा हौद हवासा वाटला. जिथं पाणी दहा दिवसांतून एकदा यायचं अशा गावात अकरा वर्षं काढलेल्या बाईला अंगणात पाणी हवंसं वाटलं, यात नवल काही नाही. आठ फूट लांब, सहा फूट रुंद, कमरेइतका खोल. भाऊजी दोन गवंडी घेऊन लातूरहून आले, आमच्याकडंच राहिले. खाली काळी माती, ती फुगते आणि आक्रसते, म्हणून त्यांनी ती गुडघाभर उकरून मुरूम भरला, धुमस मारून घट्ट केला. चारी कोपऱ्यांत सळई घातली, तेव्हा माझं मलाच हसू आलं. एकवीस दिवस ओलं ठेवा म्हणाले, ते मी ठेवलं. निघताना त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, नवं सिमेंट आहे, चुना सोडतं. हौद पूर्ण भरायचा, चार दिवस ठेवायचा, खालचं बूच काढून सगळं पाणी सोडून द्यायचं. असं तीनदा. तोवर मासे नाहीत, कमळ नाही, आणि पाण्यात दुसरं काहीही टाकायचं नाही.

पहिल्यांदा मी सोडलं. बूच काढलं आणि ते पाणी पेरूच्या आळ्यातून ओसंडून गेटखालून रस्त्यावर जाताना बघत उभी राहिले. मला ते बघवेना. लातुरात आम्ही भाजी धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं पाणी झाडांना घालायचो. पाहुणा अर्धा तांब्या टाकून गेला तर माझ्या जिवाला लागायचं. आणि इथं मी हौदच्या हौद रस्त्यावर सोडत होते... माझ्या हातून पुन्हा ते झालं नाही. पुन्हा भरलेलं पाणी मी तसंच ठेवलं आणि त्यात मासे सोडले. आठवड्यात पाणी धुरकट झालं आणि मासे उलटे होऊन वर आले. मग मी तेच केलं, जे टँकरच्या पाण्याला वर्षानुवर्षं करत आले होते. तुरटीचा खडा फडक्यात बांधला आणि सकाळी हौदाच्या कडेकडेनं फिरवला. रांजणाला तीन फेऱ्या पुरायच्या, इथं खडा विरघळेपर्यंत फिरवायचा. दोन दिवस पाणी नितळ दिसायचं, मग हौदात बसवलेल्या लहान कारंज्याचा पंप सुरू झाला की परत दुधाळ. मी परत तुरटी फिरवायची. हे माझं कुणाला सांगण्यासारखं आहे असंही मला वाटलं नाही.

भाऊजींना मात्र फोनवर सांगितलं की पाणी गढूळ झालंय आणि मासे मेले. ते दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या एसटीनं आले. हातपाय न धुता हौदाशी बसले आणि पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, पाणी तीनदा सोडलं होतं ना?" मी हो म्हटलं. किती सहज म्हटलं! क्लासमध्ये कुणी खोटं बोललं तर मी त्याला मागच्या बाकावर उभं करते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. वहिनी म्हणाल्या म्हणजे झालं. चुन्याचा विषय तिथंच संपला, आणि ते स्वतःच्या कामात दोष शोधायला लागले.

दोष सापडलेही. पाणी दिवसाला दोन बोटं उतरत होतं. ऊन किती पितं आणि गळतं किती हे बघायला त्यांनी हौदातच पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवली, आतून-बाहेरून खूण केली. दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी थोडं उतरलं, हौदातलं जास्त. भिंतीतून पाइप जिथं बाहेर जातो तिथं गळत होतं. शिवाय एका बाजूची कड बोटभर खाली होती. दोन्ही चुका माझ्या आहेत म्हणाले, आणि दोन दिवसांत नीट केल्या. गळती थांबली. पण पाणी दुधाळच. पुढच्या महिन्यात पुन्हा आले, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. दर वेळी हौद उपसायचे, तळ घासायचे, पुन्हा भरायचे. ते लातूरला गेले की दोन दिवसांनी मी खडा बांधायचे.

शेवटची खेप एप्रिलमधली. त्या दिवशी माझं डोकं दोन बॅचच्या पेपरांनी पिकलं होतं. भाऊजी उघड्या उन्हात हौदात उतरलेले, हे कडेला चहाचा कप घेऊन उभे. मी घरातून बाहेर आले आणि म्हणाले, "भाऊजी, आता पुरे करा. तुमच्या हातानं बांधलेलं आहे, ते असंच राहायचं." ह्यांनी चटकन माझ्याकडं पाहिलं. मी काय बोलले ते मला तेव्हा कळलं. भाऊजी वाकलेलेच होते. त्यांनी तळातला पांढरा गाळ चिमटीत घेतला, अंगठ्यानं चोळला, आणि हळू म्हणाले, "सिमेंट सुटून राहिलंय, वहिनी."

ते सिमेंट नव्हतं. सिमेंट खरखरीत लागतं, हा गाळ बुळबुळीत होता, त्यांच्या अंगठ्यावरून ओघळत होता. चुन्याच्या पाण्यात तुरटी पडली की हाच पांढरा गाळ बनतो. मी दर वर्षी हे फळ्यावर लिहून शिकवते, मुलांकडून पाठ करून घेते. मला तेव्हा कळलं नाही, असं मी या लेखात लिहिणार होते. पण कळलं होतं. त्यांच्या अंगठ्याकडं बघता बघता कळलं. बोलायचं तर तुरटीही सांगावी लागली असती आणि तीनदा न सोडलेलं पाणीही, आणि आत्ताच जे बोलून बसले होते तेही गिळावं लागलं असतं, ह्यांच्यासमोर. मी म्हटलं, ऊन लागेल, वर या, जेवून घ्या. ते वर आले. आमटी-भात जेवले, वाढायला नको म्हणाले, आणि दुपारच्या गाडीनं गेले. त्यानंतर माझं-त्यांचं बोलणं झालं ते फोनवर, दोनदा, आंब्यांविषयी. जूनमध्ये ते गेले.

तेराव्यानंतर आम्ही नांदेडला परतलो. मी क्लासला जात होते, येत होते. हौदाकडं कुणी बघितलं नाही. पंप बंदच राहिला, तुरटीही कुणी फिरवली नाही. पाच आठवड्यांनी एका सकाळी कपडे वाळत घालताना सहज नजर गेली... पाणी स्वच्छ होतं. गाळ खाली बसून एका कोपऱ्यात, उताराच्या टोकाला गोळा झाला होता, कारण भाऊजींनी तळाला तेवढा उतार दिला होता. बाकी सगळा तळ दिसत होता. गिलाव्यावर थापीच्या अर्धगोल खुणा, एकीला लागून एक. कोपरे आतून गोल केलेले. मी आत उतरून नखानं खरवडून पाहिलं. एक कण सुटला नाही.

त्या रविवारी लातूरला जाऊन मी माझ्या जावेला, भाऊजींच्या सुनंदाला, सगळं सांगितलं. तुरटी, पाणी, अंगठा, सगळं. ती गव्हातले खडे निवडत होती. तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली की मेमध्ये एका होस्टेलचं काम आलं होतं, चार मजली, ते त्यांनी घेतलं नाही, मालकाला दुसऱ्याचा नंबर दिला. जुनं हातातलं काम तेवढं उरकत होते. आणि मला तो हौद बघायचाय, असं म्हणाली.

परवा ती आली. चप्पल काढून कडेला बसली. मी शेजारी उभी होते. तिनं हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि गिलाव्यावरून सावकाश फिरवत राहिली.

"जेवायला बसले की हात पुढं करायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, बघ गं, ह्या हाताला काय झालंय का..."

मी म्हटलं, "काही झालं नव्हतं, सुनंदा. काम चांगलं होतं."

"ते आता मला सांगून राहिलात, ताई," ती म्हणाली, आणि पाण्यातला हात काढून तिनं पदराला पुसला.