नाही म्हणणाऱ्याला घेऊन या

आज इंगळे मॅडम गेल्या, आणि मी त्यांच्या अंत्ययात्रेला गेले नाही.

हे वाचून राग आला असेल तर शेवटपर्यंत वाचा. ज्यांना राग आला नाही, ते बहुतेक मॅडमचे विद्यार्थी असतील.

मॅडम आमच्या विद्यापीठात बॉटनीच्या प्रोफेसर. मेन कॅम्पस अमरावतीत. अकोल्यात दुसरा कॅम्पस निघाला तेव्हा त्याच्या पहिल्या इनचार्ज मॅडमच. आवाज असा, की माइक बंद पडला तरी कोणाला पत्ता लागायचा नाही.

मी लग्न होऊन बार्शीटाकळीला आलेली. घरी फुलशेती, झेंडू आणि शेवंती. मला एमएस्सी करायची होती.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, एका शब्दात मोकळे झाले. नाही.

का नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आमच्याकडे विचारायची पद्धत नव्हती.

अॅडमिशन घेत नाही एवढं सांगायला मी अकोल्याच्या कॅम्पसवर गेले. मॅडमनी विचारलं, नाही कोण म्हणतं? म्हटलं, सासरे.

"मंग पहिल्या दिवशी त्यायले घेऊन ये. तू नाही आली तरी चालते, ते आले पायजेत."

मला वाटलं, बाई माझी थट्टा करतेय. पण ती त्या कॅम्पसची रीतच होती. पहिल्या लेक्चरला, ज्याच्या घरी जो कोणी नाही म्हणतो, त्याला सोबत आणायचं. पहिला बाक त्यांचा. आम्ही मागे.

मामाजी आले ते बाईला चांगलं सुनावायला आले. सकाळचा माल मार्केटला टाकून, तसेच, फुलांचा वास अंगावर घेऊन पहिल्या बाकावर बसले.

शिक्षणाचं महत्त्व वगैरे भाषण नाही. मॅडमनी आधी चहा दिला आणि सरळ विचारलं, "काहून नाही म्हणता, दादा?"

"फुलं तोडाची येळ अन् तुमच्या कॉलेजची येळ एकच हाय. इले पाठवलं तं तोडीन कोण?"

सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. बरोबर आहे म्हणाल्या.

आठवडा संपायच्या आत प्रॅक्टिकल्स दुपारी गेली, आणि पुढच्या वर्षी अख्खी दुपारची बॅच निघाली. आज अकोल्यात सगळ्यात जास्त गर्दी त्याच बॅचला असते, आणि त्यातल्या कोणाला माहीत नसतं की ती एका फुलवाल्याच्या नकारातून आली आहे.

मामाजींची पंचाईत झाली. घरी येताना एवढंच म्हणाले, बाई वस्ताद हाय.

मुलींचं होस्टेलही असंच झालं. एका आईने पहिल्या बाकावरून विचारलं होतं, पोरगी राहील कुठी? फूड प्रोसेसिंगचा डिप्लोमा एका संत्रेवाल्या बापामुळे. तो म्हणाला होता, शिकून माह्यी संत्री थोडीच टिकणार हायेत? मॅडमनी ते मनावर घेतलं. प्रस्ताव, मीटिंगा, अमरावतीच्या खेपा. कोर्स आणूनच थांबल्या.

विद्यापीठ कसं वाढलं, यावर पुढेमागे लोक भाषणं करतील. मी पाहिलं ते असं वाढताना पाहिलं.

एकदा मी विचारलं, मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?

हसल्या. म्हणाल्या, अकोल्याच्या कॅम्पसला सगळ्यात मोठा विरोध माझाच होता. मीटिंगमध्ये उभी राहून बोलले होते, अकोल्याच्या मुली रेल्वेने येतात ना अमरावतीला, मग वेगळा कॅम्पस हवाच कशाला? तेव्हाच्या कुलगुरूंनी वाद घातला नाही. पहिला वर्ग घ्यायला मलाच पाठवलं.

"तिथं गेली तं वर्ग बायांनी भरलेला. मी येणाऱ्या पोरी पाहत होती वं. न येणाऱ्या मले दिसतीन कुठून?"

रिटायर झाल्यावर त्यांनी तिवस्याच्या तिसऱ्या कॅम्पसचा ध्यास घेतला. तो मंजूर झाला आणि, एमएस्सीनंतर इथेच शिकवायला लागलेली, मी त्याची इनचार्ज झाले. परवा हॉस्पिटलमध्ये भेटले तर स्वतःच्या तब्येतीबद्दल अक्षर नाही. पहिल्या दिवशी कोण कोण येऊन राहिले, एवढंच विचारलं.

तो पहिला दिवस आज होता.

सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. अंत्ययात्रा अकोल्यात, अकराला. तिवस्यातला वर्गही अकराला.

मी वर्ग पुढे ढकलायचं ठरवलं. दुसरं काही सुचलंच नाही. बातमी सांगायला बार्शीटाकळीला फोन केला. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"ढकलू नको. नाही म्हणणारा माणूस एक डाव येते. उद्या ये म्हटलं तं येत नाही. मी नसतो आलो. तू वर्गावर जाय. खांदा द्याले मी जातो."

मी तिवस्याला गेले. रस्ताभर रडले, खोटं कशाला सांगू.

पहिला बाक भरला होता. कोणाचा काका, कोणाची सासू, एक नवरा तोंड फुगवून बसलेला. चहा दिला. मग विचारलं, काहून नाही म्हणता?

एक आई उठली. म्हणाली, आमच्या गावाची शेवटची गाडी चार वाजता जाते, पोरीनं काय चालत याचं?

म्हटलं, बरोबर आहे. टाइमटेबल एसटी पाहून लावू.

संध्याकाळी मामाजींचा फोन आला. पहाटेची शेवंती घेऊन गेले होते. म्हणाले, लय लोक होते, मोठमोठे साहेब होते, पण मी कोणाले इचारलं नाही.

"तिनं मले पुढं बसवलं होतं. आज मीच पुढं झालो."

मॅडम, वर्ग झाला. तुम्हाला मामाजींनी पोचवलं आहे.

आता निवांत राहा. नमस्कार.