बाईंची खुर्ची

शाळेत मावशींचं काम घंटा देण्याचं आणि वर्ग झाडण्याचं. पण एखादे शिक्षक आले नाहीत की मुख्याध्यापक सांगायचे, "मावशी, जरा वर्गावर बसा." मग मावशी आपलं लाकडी स्टूल उचलायच्या आणि वर्गाच्या दाराशी जाऊन बसायच्या. शिक्षकांच्या खुर्चीला बावीस वर्षांत त्यांनी अंग लावलं नव्हतं. "आपण आपल्या पायरीनं असावं," असं त्यांचं म्हणणं.

त्या आठवड्यात गणिताच्या बाई दवाखान्यात होत्या. त्यांचा सातवीचा वर्ग म्हणजे निव्वळ मासळीबाजार. पण चार दिवस मुलं चिडीचूप बसून गणितं सोडवत होती. मधूनच एखादं मूल समोर बघायचं, मान डोलवायचं आणि पुन्हा लिहायला लागायचं. मावशींना वाटलं, हा आपल्या डोळ्यांचा धाक. मुख्याध्यापकांनीही कौतुक केलं, तशा त्या मनातून सुखावल्या.

पाचव्या दिवशी स्टुलाचा पाय मोडला. मावशींचे गुडघे तर सकाळपासून ठणकत होते. शेवटी मन घट्ट करून त्या खुर्चीवर टेकल्या.

खुर्ची उबदार होती. वर्गाचं कुलूप त्यांनीच आत्ता काढलं होतं. आत पहिलं पाऊल त्यांचं पडलं होतं, मुलं त्यांच्या मागून आली होती.

चाळीस मुलांनी एकदम माना वर केल्या. हसलं कुणीच नाही. पुढच्या बाकावरची मुलगी हळूच उभी राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही बाईंच्या मांडीवर का बसलात?"